परदेशी भागीदाराला होकार देण्याआधी

करारावर सही करण्याआधी, प्रकल्पाचं नाव ठरवण्याआधी, पाहुण्यांची तिकिटं निघण्याआधी एक गोष्ट बघा: वस्तीतल्या तरुणांच्या कार्यक्रमासाठी परदेशातून येणारा पैसा कुणाच्या खात्यात जमा होणार आणि तिथून पुढे कुणाकडे जाणार. मागच्या खेपेस आम्ही नेमकं हेच पाहिलं नाही. गोवंडीतल्या तरुणांच्या मंडळासोबत वर्षभराचा कार्यक्रम ठरला होता. मोठी संस्था निधी घेईल आणि मंडळाकडे वर्ग करेल, असं कागदावर छान आखलं होतं. पैसे आल्यावर सीएने विचारलं, "मंडळाला देणार कसे?" एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा केंद्राचा कायदा; त्यात सप्टेंबर 2020 मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून परदेशी निधी घेणाऱ्या संस्थेला तो दुसऱ्या संस्थेकडे देताच येत नाही. त्या दुसऱ्या संस्थेची स्वतःची एफसीआरए नोंदणी असली तरीही नाही. मुलांनी वर्गणी काढून छापलेली पत्रकं तशीच पडून राहिली. त्यांच्यासमोर जायला आम्हाला तोंड उरलं नव्हतं.

म्हणून निधीच्या अर्जात 'मंडळाला निधी वर्ग करणे' अशी ओळ दिसली की खोडा. संस्थेने खर्च स्वतः करावा: हॉलचं भाडं, छपाई, प्रवास, सगळी बिलं संस्थेच्या नावावर आणि पैसे थेट दुकानदाराला. नाहीतर मंडळाने आधी संस्था म्हणून नोंदणी करून केंद्राकडे परदेशी निधी घेण्याची स्वतःसाठी पूर्वपरवानगी मागावी. ती ठरावीक देणगीदार आणि ठरावीक कामापुरतीच मिळते, देणगीदाराचं लेखी हमीपत्र लागतं, आणि वेळ लागतो. तिच्या भरवशावर तारखा जाहीर करू नका.

संस्थेची एफसीआरए नोंदणी पाच वर्षांची असते. प्रमाणपत्र स्वतः हातात घेऊन मुदत वाचा, कुणी सांगितलं म्हणून विश्वास ठेवू नका. पैसा आधी दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच यायला हवा, हे भागीदाराला पहिल्याच ईमेलमध्ये कळवा. प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांच्या आत बसवा. आणि पुन्हा: मंडळाला पैसे वर्ग नाहीत. 'मानधन' म्हणून नाही, 'सहकार्य' म्हणून नाही.

आता वस्ती. हॉल, चहा, बॅनर तुम्हाला सांगायला नको. परीक्षांच्या तारखा मात्र विचारा. मुलींच्या घरी जाऊन आयांशी बोला, परतीची वेळ सांगा आणि ती पाळा. एकदा उशीर झाला की पुढच्या सत्राला मुलगी येत नाही.

भागीदार 'नेतृत्वविकास' घेऊन येईल. मुलांना देवनारच्या कचराडेपोचा धूर आणि नळाला न येणारं पाणी बोलायचं असतं. विषय त्यांनीच ठरवावा, आणि तोही अर्ज भरायच्या आधी. दोन दिवसांच्या शिबिराने काही होत नाही. या प्रश्नांवर पालिकेला माहिती अधिकारात विचारायचं तर अर्जाला 10 रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही नाहीत, पण उत्तराला 30 दिवस असतात आणि नाही आलं तर अपील. मुलांच्या हातात पहिलं उत्तर पडेपर्यंत तुम्ही तिथे असायला हवं. मार्च 2022 मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपून प्रशासक आला, तेव्हा मुलं विचारायची, नगरसेवकच नाही तर जायचं कुणाकडे? गोवंडी ज्यात येते त्या पालिकेच्या एम पूर्व विभागाच्या वॉर्ड ऑफिसात कुठल्या खात्याची खिडकी कुठे आहे, ते आधी स्वतः जाऊन बघून या. सतरा पूर्ण झालेल्यांकडून मतदार नोंदणीचा नमुना 6 भरून घ्या, आगाऊ भरता येतो.

गटातलं कुणी निवडणुकीला उभं राहणार असेल तर आधी सीएशी बोला, उमेदवाराला परदेशी निधी चालत नाही. पाहुण्यांना पर्यटक व्हिसावर सत्र घ्यायला लावू नका. अठराखालच्या मुलांचे फोटो पालकांच्या लेखी संमतीनंतरच. एफसीआरएचं वार्षिक विवरण 31 डिसेंबरपर्यंत. अहवाल भागीदाराकडे इंग्रजीत जाईल, मुलांना तो मराठी-हिंदीत वाचून दाखवा.

सीएला फोन केलात? नसेल तर आधी तो करा, आणि मंडळाचं नाव घेऊन विचारा.