देवादिकांच्या जुन्या तसबिरी ऑनलाइन टाकताय? या चुका टाळा

सिद्धेश्वराची जानेवारीतली गड्ड्याची यात्रा जवळ आली की सोलापुरात घरोघरच्या जुन्या तसबिरी स्टेटसवर चढतात. पूर्व भागातला मार्कंडेय, कुणाकडचे अक्कलकोटचे स्वामी, राजा रविवर्मांची लक्ष्मी. हौस चांगलीच, पण त्यात चित्राचं पार वाटोळं होतं.

सगळ्यात घातक चूक म्हणजे चित्र उलटणं. पुढच्या कॅमेऱ्याने फोटो काढला किंवा ॲपमध्ये चुकून फ्लिप दाबलं गेलं, की डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होतो आणि विष्णूच्या शंख-चक्राचे हात बदलतात. टाकण्याआधी तसबीर शेजारी घेऊन सोंड, आयुधं ताडून बघा. खाली छापील अक्षरं असतील तर प्रश्नच नाही, ती उलटी दिसली की चूक लगेच कळते.

काचेत तुमचंच डोकं आणि ट्यूबलाइट दिसते? फ्लॅश बंद करा. तसबीर व्हरांड्यात सावलीत ठेवा. आपल्याकडचं ऊन जानेवारीतही थेट नको. काळ्या कापडाला लेन्सपुरतं भोक पाडून मोबाइल त्यामागे धरा, चकाकी जाते. मोबाइल चौकटीला समांतर हवा, नाहीतर देव वरून निमुळते होतात. काच काढायच्या भानगडीत पडू नका: जुना कागद बऱ्याचदा काचेला चिकटलेला असतो, ओढला की रंगासकट सुटतो.

रंग पिवळट आले तर शेजारी पांढरा कागद ठेवून पुन्हा फोटो घ्या आणि तो कागद पांढरा दिसेल इतकीच दुरुस्ती करा. फिकटलेला लाल भडक करणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. व्हॅटिकनमधल्या सिस्टाइन चॅपेलच्या छतावरच्या मायकेलअँजेलोच्या चित्रांची १९८० च्या दशकात सफाई झाली; त्याआधीचे फोटो काळपट, नंतरचे लख्ख. अशा चित्राखाली फोटो कोणत्या काळातला तेही लिहावं.

एआयने ‘एचडी’ करायला माझा सक्त विरोध आहे. चेहरा गुळगुळीत होतो, नजर बदलते, बोटं वाढतात. जुन्या छापांवर कुणी हौसेने जर-टिकल्या चिकटवलेल्या असतात, त्याही ॲपला डाग वाटतात.

श्रेयाचं बोलू. खालची पट्टी कापू नका, छापखान्याचं नाव तिथंच असतं. रविवर्मांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला. पुढे तो जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांच्याकडे गेला आणि छपाई चालूच राहिली. त्यामुळे तिथला प्रत्येक छाप खुद्द रविवर्मांचाच, असं ठोकून देऊ नका. मूळ तैलचित्र की छाप, तेही सांगा.

‘देवाच्या चित्राला कसला आलाय कॉपीराइट?’ असं सर्रास म्हणतात. देव सगळ्यांचे, चित्र चित्रकाराचं. आपल्या कायद्यानं चित्रकार गेल्यावर ६० वर्षं हक्क राहतो. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, त्यांची चित्रं मोकळी. देवादिकांची चित्रं काढणारे रघुवीर मुळगावकर १९७६ मध्ये गेले, म्हणजे २०३६ संपेपर्यंत परवानगी लागते. फ्लेक्सवाल्यालाही हे सांगा, आणि फाइल व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा.