हाताला मुंग्या येतात? मानेचा पट्टा घेण्याआधी या चुका टाळा

हाताला मुंग्या आल्या की ‘मानेची नस दबली’ हे निदान घरीच होतं आणि मानेचा एक्स-रे काढला जातो. चाळिशीनंतर त्यात मणक्यांची थोडीफार झीज अनेकांना दिसते. मुंग्या त्यामुळेच येतात, असं त्यावरून ठरत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘अख्खा हात बधिर होतो’ एवढंच सांगणं. नेमकी बोटं पाहा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची बाजू मीडियन नर्व्हकडे, म्हणजे मनगटातल्या बोगद्यातून हातात येणाऱ्या नसेकडे असते. अनामिकेची उरलेली बाजू आणि करंगळी अल्नर नर्व्हकडे, म्हणजे कोपरामागून येणाऱ्या नसेकडे. अनामिका अर्धीच बधिर असेल तर दाब बहुधा मानेत नसतो, कारण मानेतली नसांची मुळं बोटाची अशी उभी वाटणी सहसा करत नाहीत. बोटं बधिर पण अंगठ्याखालच्या तळव्याची कातडी शाबूत, हीसुद्धा मनगटाचीच खूण: त्या कातडीची फांदी मनगटातल्या बोगद्याआधीच फुटते आणि बोगद्याच्या वरून जाते. मुंग्यांनी रात्री जाग येते, हात झटकल्यावर बरं वाटतं? मग मनगट 60 सेकंद पूर्ण आत वाकवून ठेवा. त्याच बोटांत मुंग्या आल्या तर मनगटात नस दबल्याचा संशय बळावतो.

ताकद तपासायची राहून जाते. तळहात वर करून हात टेबलावर ठेवा, अंगठा छताकडे उचला आणि दुसऱ्या हाताने खाली दाबा. अंगठा सहज पडला तर वाट पाहू नका.

मनगटाचा पट्टा रात्री वापरायचा, आणि मनगट सरळ ठेवून. मागे वाकवणारा किंवा करकचून आवळलेला पट्टा उलट दाब वाढवतो. करंगळीच्या मुंग्यांना त्याचा उपयोग होत नाही; तिथे कोपर दुमडून झोपणं, फोन कानाला धरून बसणं थांबवा. कोपराची नस जाड लागत असेल किंवा कातडीवर बधिर चट्टा असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करा. सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळतं.

मुंग्यांसाठी बी 12 च्या गोळ्या रक्त तपासण्याआधी सुरू करू नका, पातळी चुकीची दिसते. अशा गोळ्यांत बरेचदा बी 6 ही असतं, आणि ते जास्त मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास नसांनाच इजा करतं.

नर्व्ह कंडक्शन तपासणीला, म्हणजे नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणाऱ्या तपासणीला, गार हाताने बसू नका. गार नसेतून संदेश हळू जातो आणि अहवाल विनाकारण बिघडतो.

हात अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर यातलं काहीही करत न बसता 108 ला फोन करा.