कुंतीचे आळे आजच फोडा

गोव्यात कुंती (कामिनी, कुंपणाला लावतात ते सुवासिक फुलांचे झुडूप) वाळते ती बहुधा जून-जुलैत, आणि वाळते पाण्याने. उन्हाळ्यात शिंपण्यासाठी केलेले आळे पावसातही तसेच ठेवतात. खाली जांभ्याचा कातळ, भोवती मातीची कड. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पडणाऱ्या पावसाला बाहेर पडायला वाटच नसते. आधी कुदळ घ्या, उताराकडची कड फोडा, मग पुढचे वाचा.

ओळख : पानाला ३ ते ९ चकचकीत पर्णिका, चुरगळल्यावर लिंबूवर्गी वास. पांढरी सुवासिक फुले. फळ लंबगोल, शेंदरी होत लाल, आत एक-दोन बिया. कढीपत्त्याच्या पर्णिका बऱ्याच जास्त आणि फळ काळे.

तुंबल्याची खूण ओळखायला बहुतेक जण चुकतात. माती ओली असूनही पाने पिवळी पडून गळू लागली की खत कमी पडले असे समजून युरिया टाकतात, नाहीतर दुकानदार 'मुळ्या वाढवणारी' महागडी बाटली हातात देतो. पैसे वाचवा. बारीक मूळ चिमटीत ओढून पाहा. साल सुटून दोरा हाती आला, तर मुळे कुजताहेत. तिथे कोणतेही टॉनिक चालणार नाही. आळे फोडा, उताराला वीतभर खोल चर काढा आणि १ टक्का बोर्डो मिश्रण बुंध्याशी ओता : १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना, १० लिटर पाणी, भांडे प्लास्टिकचे. खत थेट गणेश चवथीनंतर.

नवी लागवड असेल तर खड्ड्यात बादलीभर पाणी ओता. दोन तासांनीही दिसले, तर पहारीने तळ फोडा किंवा सरळ फूटभर उंच वरंब्यावर लावा. माडाच्या सवयीने तळाशी नारळाची सोडणे (वरची सालपटे) घालू नका, ती पाणी धरतात. गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) खालच्या अंगाची रोपे आधी जातात असा आमचा अंदाज आहे; तिथे चर दुप्पट खोल ठेवा.

बाकी नेहमीचे :
- खड्डा ४५ सेंमी लांब, रुंद, खोल
- कुंपणाला अंतर ४५ ते ६० सेंमी
- कुजलेले शेणखत, खड्ड्याला एक घमेले
- बी ताजे, गर धुऊन लगेच पेरा. सुकवून ठेवले की उगवण घटते
- लवकर फुले हवी तर पावसाळ्यात गुटी (फांदीला झाडावरच मुळे आणून केलेले कलम)
- बुंध्याची मान मातीत गाडू नका

फळे हवी असतील तर सारखी कात्री चालवू नका. दर पंधरवड्याला छाटलेल्या कुंपणाला फुलेच येत नाहीत, मग लाल घोस कुठून येणार?

एक गोष्ट मात्र टाळू नका. परसात लिंबू किंवा तोरिंजन (पपनस) असेल तर कुंती जवळ नको. लिंबूवर्गावरचा सिट्रस सायला हा किडा कुंतीच्या कोवळ्या फुटीवर वाढतो, आणि लिंबावरचा ग्रीनिंग रोग तोच पसरवतो. त्याला औषध नाही. शेपटी वर करून तिरका बसलेला बारीक तपकिरी किडा किंवा पिल्लांचे पांढरे मेणचट दोरे दिसले, की ती फूट कापून जाळा. उरलेल्या झाडावर पाऊस उघडल्यावर निंबोळी तेल, लिटरला ५ मिली, थोड्या साबणासह. किडा हटत नसेल तर एला, जुने गोवे येथील कृषी विज्ञान केंद्रात फांदी दाखवा, दुकानात नको. आणि झड सुरू झाली की फोडलेली कड पुन्हा पाहा, वाहून आलेली माती ती बुजवते.