जीनोमच्या नकाशावर स्वतःची चिन्हं कशी काढायची, झेरॉक्समध्येही ओळखू येतील अशी

तालुक्याच्या कॉलेजात बायोटेकचा प्रोजेक्ट करणाऱ्या पोट्ट्यांचं नेहमीचं आहे, स्क्रीनवर जीनोमचा नकाशा (म्हणजे डीएनएवर कोणता जीन कुठे आहे ते दाखवणारं चित्र) लाल-हिरवा-निळा असा झकास दिसतो, पण प्रिंट बसस्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे काळी-पांढरी निघते अन् मग लालही करडा, हिरवाही करडा, सर विचारतात यातला टीआरएनए (प्रोटीन बनताना अमिनो आम्ल आणून देणारा छोटा आरएनए) कोणता तं कोणालेच सांगता येत नाही. म्हणून माझं सरळ म्हणणं, आधी आकार ठरवा, रंग मागाहून. तलाठ्याकडच्या गावनकाशात विहीर, झाड, धुऱ्यावरचा दगड नुसत्या काळ्या शाईत कळतात ना, तसं.

उदाहरणाला माणसाचा मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भागाचा) जीनोम घेऊ. लहान आहे, १६,५६९ बेस (म्हणजे डीएनएची अक्षरं), त्यात ३७ जीन: १३ प्रोटीनचे, २२ टीआरएनएचे, २ आरआरएनएचे (रायबोसोमच्या आरएनएचे). एनसीबीआय या जीनच्या माहितीसाठ्याच्या साइटवर एनसी_०१२९२० (इंग्रजीत NC_012920) हा नंबर टाका आणि जीनबँक फॉरमॅटमध्ये फाइल उतरवा, फुकट आहे, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही चटकन येते. पुढचं सगळं काम ऑफलाइन, त्यामुळे नेट गेलं तरी अडत नाही. लागतं काय तं आकडेमोडीला लिब्रेऑफिस कॅल्क अन् चित्र काढायला इंकस्केप, दोन्ही फुकटच.

आता स्केल. ए४ कागद आडवा धरला की २९७ मिलिमीटर रुंद. १ मिलिमीटर म्हणजे ६० बेस असं धरलं तर अख्खा जीनोम साधारण २७६ मिलिमीटरमध्ये बसतो आणि दोन्ही बाजूंना दहा-दहाची मार्जिन उरते. कॅल्कमध्ये चार कॉलम करा, नाव, सुरुवात, शेवट, दिशा. डावी कड म्हणजे सुरुवातीतून १ वजा करून ६० ने भागायचं आणि १० मिळवायचे. रुंदी म्हणजे शेवट वजा सुरुवात अधिक १, भागिले ६०. एनडी१ जीन ३३०७ ते ४२६२ आहे, म्हणजे डावी कड ६५.१ आणि रुंदी १५.९ मिलिमीटर. तो अधिक १ विसरू नका, जीनबँकमध्ये मोजणी १ पासून असते आणि शेवटचा बेसही धरलेला असतो. बेड फाइल (जीनच्या जागा लिहायचा दुसरा फॉरमॅट) वापरत असाल तर तिथे मोजणी ० पासून, तिथे सुरुवातीतून १ वजा करायचा नाही आणि रुंदीत १ मिळवायचाही नाही.

आकडे आले की लगेच दिसतं की सगळ्यांना एकच आकार चालणार नाही. टीआरएनए जीन जेमतेम ७० बेसचा, कागदावर सव्वा मिलिमीटर, त्यात चौकोन काढला तर नुसती जाड रेघ दिसेल. म्हणून चिन्हं दोन जातीची करायची. एक ताणायची, म्हणजे प्रोटीन आणि आरआरएनएचे बाण, ज्यांची लांबी जीनप्रमाणे बदलते. दुसरी ठरावीक मापाची, टीआरएनए, म्युटेशन, ओरिजिन (डीएनएची नक्कल सुरू होते ती जागा) वगैरे, ज्यांचं फक्त टोक बरोबर जागेवर पाहिजे.

इंकस्केप उघडा, डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये युनिट मिलिमीटर करा, ग्रिड आणि स्नॅपिंग चालू करा. प्रेफरन्सेसमध्ये टूल्सखाली बाउंडिंग बॉक्स जॉमेट्रिक करून घ्या, नाहीतर रेघेची जाडीही मापात धरली जाते आणि सगळं थोडं थोडं सरकतं, मग काहून जुळत नाही म्हणून डोकं खाजवत बसावं लागतं.

बाण पेन टूलने काढा, पाच कोपऱ्यांचा, उंची ४ आणि टोक २ मिलिमीटर. त्याची डुप्लिकेट करत जा, पण हँडल धरून ताणू नका, तसं केलं की टोकही ताणलं जातं आणि प्रत्येक जीनचा बाण वेगळाच दिसतो. नोड टूलने फक्त शेपटीचे दोन कोपरे सिलेक्ट करून सरकवा. सगळ्यात छोटा प्रोटीन जीन एटीपी८, ३.४५ मिलिमीटर, त्यातही २ चं टोक बसतं. आरआरएनएच्या बाणात तिरप्या रेघा भरा, प्रोटीनचा कोरा ठेवा, रंगाशिवाय फरक कळतो.

दिशेचं पाहू. फाइलमध्ये कॉम्प्लिमेंट लिहिलेलं असलं की जीन डीएनएच्या दोन धाग्यांपैकी उलट्या धाग्यावर आहे. प्रोटीनच्या १३ पैकी एकटा एनडी६ तसा आहे, त्याला एच दाबून उलटा करा. नकाशाच्या मधोमध एक आडवी रेघ मारा, सरळ जीन तिच्या वर आणि असे उलटे खाली ठेवा. नाव मात्र बाणासोबत ग्रुप करून उलटवू नका, आरशातल्यासारखी अक्षरं दिसतील.

एटीपी८ आणि एटीपी६ मध्ये ४६ बेस सामाईक आहेत, पाऊण मिलिमीटर. एकावर एक बाण ठेवले तर वाचणाऱ्याला वाटेल जागा चुकली, त्यापेक्षा एटीपी८ एक पायरी वर चढवा. एनडी४एल आणि एनडी४ मध्ये फक्त ७ बेस सामाईक, ते या स्केलला दिसतच नाहीत, सोडून द्या.

टीआरएनएसाठी काडीवर छोटी तीन पानं काढा, त्याची नेहमीची आकृतीही तिपानीसारखीच असते, रुंदी २ मिलिमीटर. याचा मात्र क्लोन करायचा, ऑल्ट आणि डी. फायदा असा की उद्या मूळ चिन्ह थोडं बदललं की बावीसही ठिकाणी आपोआप बदलतं. वरच्या पट्टीत एक्सची किंमत टाकताना लक्षात ठेवा, ती चिन्हाच्या डाव्या कडेची असते, मधल्या काडीची नाही, म्हणून जीनच्या मध्यातून अर्धी रुंदी वजा करून टाका.

खरी कसरत ५५१२ ते ५८९१ मध्ये आहे. तिथे पाच टीआरएनए खेटून बसलेत, एक वर आणि चार खाली, त्या चौघांना जागा मिळते फक्त ५ मिलिमीटर. काडीचं बूड जागेवरच ठेवा आणि डोकी बाजूला फाकवा. क्लोनचे नोड हलत नाहीत, म्हणून या चौघांपुरता क्लोन तोडावा लागतो, इलाज नाही. त्याच गर्दीत ५७२१ पासून ५७९८ पर्यंत हलक्या धाग्याचं (लाइट स्ट्रँडचं) ओरिजिन आहे, त्याला पोकळ गोल द्या. सिंथेटिक बायोलॉजीवाल्यांच्या एसबीओएल व्हिज्युअल या प्रमाण चिन्हांतही ओरिजिनला गोल, प्रमोटरला (जीन वाचणं सुरू होतं तिथे) वाकडा बाण आणि टर्मिनेटरला (वाचणं थांबतं तिथे) टी आहे, अशी रुळलेली चिन्हं असली की उगाच नवीन काढू नये.

म्युटेशनला काडीवर भरीव गोळा. ३२४३ चं, मेलास आजारातलं, ६४.०३ वर येतं, आणि ११७७८ चं, लेबरच्या नजर जाणाऱ्या आजारातलं, २०६.३ वर.

डी-लूप (जीन नसलेला, नियंत्रणाचा पट्टा) १६०२४ ला सुरू होऊन शून्यावरून पलीकडे ५७६ पर्यंत जातो, कारण जीनोम गोल आहे आणि आपण तो कापून सरळ केलाय. त्याचे दोन तुकडे करा आणि कापलेल्या कडा करवतीसारख्या दातेरी काढा.

पायथनमध्ये प्रोग्राम लिहिता येत असेल तर बायोपायथनच्या जीनोमडायग्राममध्ये पाच आकार तयार मिळतात, चौकोन, अष्टकोन, दातेरी, बाण आणि मोठा बाण. शंभर जीनोम काढायचे असतील तर तेच बरं, पण तिपानीसारखं काही हवं असेल तर त्याच्या ड्रॉइंगच्या कोडमध्येच हात घालावा लागतो.

शेवटी खाली चिन्हांची यादी द्या आणि स्केलची पट्टी, १,००० बेस म्हणजे १६.७ मिलिमीटर. पीडीएफ करताना टेक्स्ट पाथमध्ये बदला, दुकानातल्या कॉम्प्युटरवर आपला मराठी फॉन्ट असेलच असं नाही. प्रिंट घ्या, त्या प्रिंटची झेरॉक्स मारा, आणि ज्याने हे काम पाहिलंच नाही अशा कोणाले तरी हातात देऊन टीआरएनए मोजायला सांगा. बावीस आले नाहीत तर डोकी अजून फाकवा, नाहीतर रेघेची जाडी ०.३ मिलिमीटरवर आणून पाहा.