समाजवादी राजवटींतील प्रवासबंधने वर्गात कशी शिकवावीत

हा विषय शिकवताना बहुतेक शिक्षक बर्लिनच्या भिंतीपासून सुरुवात करतात आणि भिंतीपाशीच थांबतात. भिंत नजरेत भरते आणि तिची छायाचित्रेही मुबलक मिळतात. पूर्व जर्मनीतील सामान्य माणसाला मात्र ही बंदी प्रामुख्याने अर्ज, शिक्के आणि नकार यांतून भेटत असे. म्हणून पहिला तास कागदपत्रांना द्यावा.

त्या देशाच्या १९४९ च्या राज्यघटनेतील कलम १० आणि १९६८ च्या राज्यघटनेतील कलम ३२ विद्यार्थ्यांसमोर शेजारी शेजारी ठेवावीत. पहिल्यात प्रत्येक नागरिकाला देश सोडून स्थलांतर करण्याचा हक्क दिलेला असून तो केवळ कायद्यानेच मर्यादित करता येईल, असे म्हटले आहे. दुसऱ्यात संचाराचा हक्क कायम आहे, पण तो कायद्याच्या चौकटीत आणि देशाच्या हद्दीपुरता. स्थलांतराचा हक्क काढून घेतल्याचे तेथे कोठेही लिहिलेले नाही, तो नुसता गळलेला आहे. ही बाब विद्यार्थ्यांनी स्वतः हेरावी. आधीच सांगून टाकल्यास तासातली गंमत जाते. त्यानंतर दोन्ही मजकुरांच्या दरम्यान काय घडले, हे विचारावे. १९४९ ते १९६१ या काळात २५ लाखांहून अधिक लोक पश्चिमेकडे निघून गेले, त्यांत तरुण आणि प्रशिक्षित मनुष्यबळ मोठे होते, आणि १३ ऑगस्ट १९६१ रोजी बर्लिनमधील सीमा बंद करण्यात आली. १९६८ च्या दंडसंहितेचे कलम २१३ बेकायदा सीमा ओलांडण्याला गुन्हा ठरवते. तेही याच संचात जोडावे.

पुढचा प्रश्न असा की परवानगी कोणाला मिळत असे? १९६४ पासून निवृत्तिवेतनधारकांना पश्चिमेतील नातेवाइकांकडे जाता येऊ लागले. सरकारचा हिशेब रोखठोक होता, कारण वृद्ध व्यक्ती परतली नाही तर कामगार कमी होत नाही, उलट निवृत्तिवेतन वाचते. कामानिमित्त पाठवल्या जाणाऱ्या विश्वासू मंडळींचे कुटुंब बहुधा मागेच ठेवले जाई. वृद्धा, अभियंता आणि नवविवाहित जोडपे अशी काल्पनिक प्रकरणे देऊन अर्ज मंजूर होईल का, याचा सकारण निर्णय लिहून घ्यावा. सीमारक्षक आणि पळून जाणारा अशी नाट्यछटा मात्र टाळावी. भिंतीपाशी किमान १४० जणांचा जीव गेला आहे आणि त्याचा खेळ होऊ नये.

या टप्प्यावर कोणीतरी हमखास म्हणतो, ‘व्हिसा तर सगळेच देश मागतात.’ आक्षेप रास्त आहे, तो झटकू नये. परक्या देशाने प्रवेश नाकारणे आणि स्वतःच्या देशाने बाहेर पडू न देणे यांतील भेद १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील कलम १३ वाचून स्पष्ट करावा, कारण त्यात स्वदेशासह कोणताही देश सोडण्याचा हक्क नमूद आहे.

सर्व समाजवादी देशांना एकाच मापाने मोजणे ही या विषयातील नेहमीची चूक आहे. युगोस्लाव्हियाचे लाखो नागरिक पश्चिम जर्मनीत राजरोस कामाला जात, तर पोलंडमध्ये परदेशवारीहून परतल्यावर पासपोर्ट पुन्हा मिलिशियाच्या (म्हणजे तेथील पोलिसांच्या) कार्यालयात जमा करावा लागे. सोव्हिएत संघात बंधने देशांतर्गतही होती. १९३२ मध्ये अंतर्गत पासपोर्ट आणि वास्तव्याची नोंदणी आली, पण सामूहिक शेतांवरील बहुतेक शेतकऱ्यांना हा पासपोर्ट देण्याचा निर्णय थेट १९७४ मध्ये झाला. बंधने समाजवादी गटाच्या आतही बदलत. पूर्व जर्मन नागरिकांसाठी १९७२ मध्ये खुली झालेली पोलंडची वाट, तेथील स्वतंत्र कामगार चळवळीच्या धास्तीने, १९८० मध्ये बंद झाली. नकाशावर प्रत्येक सीमेपुढे वर्ष लिहायला लावावे.

शेवटच्या तासाला ९ नोव्हेंबर १९८९ च्या पत्रकार परिषदेचे चित्रीकरण दाखवावे. नव्या नियमांनुसार प्रवासासाठी अर्ज करायचाच होता आणि घोषणा दुसऱ्या दिवशी व्हायची होती. नियम केव्हापासून लागू, या प्रश्नावर पूर्व जर्मन सत्ताधारी पक्षाचे प्रवक्ते ग्युंटर शाबोव्स्की यांनी कागद चाळत ‘ताबडतोब’ असे सांगितले आणि त्या रात्री बर्लिनमधील बोर्नहोल्मर रस्त्यावरील सीमानाक्यावर गर्दी लोटली. मूल्यमापनासाठी नियमाचा मसुदा आणि हे उत्तर एकत्र देऊन, कागदावरील कोणती अट त्या रात्री निरर्थक ठरली, हे विद्यार्थ्यांकडून एका परिच्छेदात लिहून घ्यावे.