‘खडकवासला भरलं’ म्हणून निर्धास्त होऊ नका: टंचाईच्या नियोजनात या चुका टाळा

जुलैत फोन सुरू होतात. “खडकवासला शंभर टक्के झालं, आता काळजी मिटली ना?” कालव्यावरच्या पाणीवापर संस्थांना हिशेब मांडून देताना मला दरवर्षी याच प्रश्नापासून सुरुवात करावी लागते.

खडकवासल्याचा उपयुक्त साठा १.९७ टीएमसी (अब्ज घनफूट). टेमघर ३.७१, पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२. चारही धरणं मिळून २९.१५. म्हणजे एकटं खडकवासला काठोकाठ भरलं, तरी साखळीतलं सात टक्केही पाणी हाती आलेलं नसतं. पुणे शहराचं पिण्याचं पाणी आणि दौंड-इंदापूरकडचं सिंचन, दोन्ही याच चार धरणांवर. म्हणून वहीत टक्का लिहू नका. चारही धरणांचा साठा टीएमसीत लिहा आणि शेजारी गेल्या वर्षीचा त्याच तारखेचा आकडा ठेवा.

दुसरी चूक म्हणजे खिडकीबाहेरच्या पावसावर हिशेब करणं. शिवाजीनगरला वर्षाला साधारण सातशे-साडेसातशे मिमी पाऊस पडतो, घाटमाथ्यावर ताम्हिणीकडे काही हजार मिमी. शहरात गुडघाभर पाणी तुंबलं तरी ते पाणी धरणाच्या खाली पडलेलं असतं. बघायचा तो पाणलोट क्षेत्रातला पाऊस.

तिथेही एक अडचण येते. “घाटात चार दिवस पाऊस आहे, मग साठा का हलत नाही?” जूनमध्ये हे हमखास विचारलं जातं. उन्हाळाभर तापलेली जमीन आधी स्वतःची तहान भागवते, ओढे मागाहून वाहू लागतात. त्यामुळे पाऊस आणि येवा, म्हणजे धरणात प्रत्यक्ष आलेलं पाणी, यांचे रकाने वेगळे ठेवा. येवा घरबसल्या काढता येतो: चोवीस तासांत साठ्यात पडलेला फरक, अधिक कालव्यात सोडलेलं, अधिक नदीत सोडलेलं, अधिक शहरासाठी उचललेलं पाणी. समजा साठा ०.२० टीएमसीने वाढला आणि कालवा दिवसभर १,००० क्युसेकने (सेकंदाला १,००० घनफूट) चालू होता. १,००० क्युसेक चोवीस तास म्हणजे ०.०८६ टीएमसी. तेव्हा येवा किमान ०.२८६ झाला, ०.२० नव्हे. हा कालवा धरायचाच राहतो आणि मग पावसाशी आकडे जुळत नाहीत म्हणून लोक मोजणीवर शंका घेतात.

नदीच्या विसर्गाचंही तसंच. खालच्या उजनी धरणात किती पाणी येतंय ते कळावं म्हणून पुण्यातल्या बंडगार्डन आणि पुढच्या दौंड इथल्या नदीच्या विसर्गाचे आकडे रोज फिरतात. सुरुवातीला एका पावसाळ्यात मीही दौंडचा वाढलेला विसर्ग पाहून ‘नदीला नैसर्गिक पाणी आलं’ असं नोंदवून बसलो होतो. वरच्या धरणांचे दरवाजे त्याच सुमारास उघडले होते. दौंडचा आकडा लिहिताना वरून किती सोडलंय ते आधी बघा, आणि तिथून पाणी खाली यायला लागणारा वेळही धरा. उन्हाळ्यात तर बंडगार्डनला दिसणाऱ्या प्रवाहात शहराच्या सांडपाण्याचा वाटा मोठा असतो. त्यावरून मुठा वाहती आहे असं समजणं घातक आहे.

हवामान अंदाज वाचतानाही घाई होते. २०२३ साली हवामान विभागाने देशासाठी सरासरीच्या ९६ टक्के पावसाचा अंदाज दिला, पाऊस ९४ टक्के झाला. अंदाज फार चुकला असं कुणी म्हणणार नाही. पण त्या वर्षीचा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि ऑक्टोबर संपता संपता राज्याने दुष्काळ जाहीर केलेल्या ४० तालुक्यांत पुरंदर, बारामती, दौंड, इंदापूर, शिरूर होते. देशाच्या सरासरीत आपला तालुका दिसत नाही. ‘एल निनो’ (प्रशांत महासागराचं पाणी तापणं, ज्याने आपला पाऊस कमी होण्याची भीती असते) शब्द ऐकून हातपाय गाळायचंही कारण नाही, १९९७ साली तो जोरदार असूनही देशात पाऊस सरासरीइतका झाला होता. हंगामी अंदाजावरून नुसता कल घ्या. आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची पाळी, पुढे-मागे करायची असेल तर दर गुरुवारी येणारा पुढच्या काही आठवड्यांचा विस्तारित अंदाज जास्त कामाचा.

विहिरींबद्दल थोडक्यात: भूजल यंत्रणा ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे अशी वर्षातून चारदा पातळी मोजते. तुम्ही गावातली एक विहीर निवडून दर पंधरवड्याला दोरीने मोजा, उपसा सुरू होण्याआधी, सकाळी.

सगळ्यात महाग पडणारी चूक मात्र आकड्यांची नाही, उशिराची आहे. १५ ऑक्टोबरचा साठा हाती आला की हिशेब जूनअखेरपर्यंत करून मोकळं होतात. २०२३ मध्ये मुंबईत मान्सून २५ जूनला पोहोचला, एरवी ११ जूनला येतो. आणि तो आल्यावरही येवा सुरू व्हायला दिवस जातात. बाष्पीभवन वजा करून १५ जुलैपर्यंत पुरेल असंच वाटप मांडा. त्याच बैठकीत ठरवून टाका: १ फेब्रुवारीला साठा अमुक टीएमसीच्या खाली असेल तर उन्हाळी आवर्तन किती दिवसांनी कमी करायचं आणि नव्या ऊसलागवडीला पाणी द्यायचं की नाही. हा आकडा इतिवृत्तात लिहून सभासदांच्या सह्या घ्या. एप्रिलमध्ये कालव्याच्या शेवटच्या चारीवरचा (छोट्या फाट्यावरचा) शेतकरी कोरड्या पाटाशी उभा असतो, तेव्हा तो कागद नसेल तर वरचा कुणीही पाणी सोडत नाही.