ऑटोकॅड इलेक्ट्रिकलमध्ये स्वतःचा सिम्बॉल बनवताय? या चुका टाळा

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका इलेक्ट्रिकल पॅनेलवाल्याकडे मी ड्राफ्टिंगला होतो, वायरिंगची ड्रॉइंग ऑटोकॅड इलेक्ट्रिकल या सॉफ्टवेअरमध्ये काढायचो. स्टार-डेल्टा स्टार्टरचं ड्रॉइंग, मोटर एक, ओव्हरलोड रिले एक. बीओएम, म्हणजे लागणाऱ्या मालाची यादी, काढली तर रिले तीन! परचेसवाल्यानं मुकाट तीन मागवले. चूक माझीच. रिलेच्या मुख्य सिम्बॉलची कॉपी मारून मी ९५-९६ आणि ९७-९८ हे काँटॅक्ट बनवले होते, आणि टॅग१ हा अ‍ॅट्रिब्यूट, म्हणजे सिम्बॉलमधला माहितीचा रकाना, दोघांतही तसाच राहिला होता.

तुम्ही रेषा कितीही सुबक काढा, सॉफ्टवेअर वाचतं अ‍ॅट्रिब्यूट आणि फाइलचं नाव. टॅग१ असला की तो पेरेंट, म्हणजे वेगळी वस्तू. काँटॅक्ट हा चाइल्ड, म्हणजे त्याच वस्तूचा भाग, त्याला टॅग२ लागतो. मेक (कंपनीचं नाव) आणि कॅटलॉग नंबरही पेरेंटवरच ठेवायचे.

नावाचंही तेच. लायब्ररीत, म्हणजे सिम्बॉलच्या फाइलींच्या फोल्डरमध्ये, ‘न्यू रिले फायनल २’ अशा फाइली मी ढिगानं पाहिल्यात. पहिलं अक्षर एच किंवा व्ही: सिम्बॉल आडव्या वायरवर बसणार की उभ्या. पुढची दोन अक्षरं फॅमिलीची, म्हणजे वस्तूच्या प्रकाराची, कंट्रोल रिले असेल तर सीआर. चौथ्या जागी पेरेंटला १, चाइल्डला २. काँटॅक्ट असेल तर पाचव्या जागी एनओला (एरवी उघडा) १, एनसीला (एरवी बंद) २. म्हणून कॉइल एचसीआर१ आणि तिचा एनओ काँटॅक्ट एचसीआर२१. एनओचा एनसी करणारी कमांड हा पाचवा आकडाच बदलून जोडीची फाइल शोधते. एचसीआर२२ बनवलीच नसेल तर ती काय शोधणार?

वायर सिम्बॉलच्या आरपार जाते, तुटत नाही, दोन्ही बाजूंना एकच वायर नंबर पडतो, ही तक्रार आली की आधी टर्मिनलचे अ‍ॅट्रिब्यूट बघा. बहुतेक वेळा तिथं नुसती रेघ असते, वायर जोडायचा अ‍ॅट्रिब्यूट नसतोच. तो असला तरी त्यातल्या आकड्याला दिशा असते: १ उजवीकडून, २ वरून, ४ डावीकडून, ८ खालून. आडव्या सिम्बॉलच्या डाव्या टोकाला एक्स४टर्म, उजव्याला एक्स१टर्म. मी हे मॉनिटरच्या कडेला चिठ्ठीवर लिहून चिकटवलं होतं. पाठ झालं तरी चिठ्ठी काढली नाही.

सिम्बॉल अवाढव्य किंवा मुंगीएवढा आला तर इंच-मिलिमीटरचा घोळ, २५.४ चा फरक. सेव्ह करण्याआधी सिम्बॉल बिल्डरमधलं ऑडिट चालवा, गाळलेले अ‍ॅट्रिब्यूट तिथंच कळतात. आणि सॉफ्टवेअरच्या मूळ लायब्ररीत स्वतःच्या फाइली कोंबू नका. वेगळा फोल्डर करून प्रोजेक्ट प्रॉपर्टीजमध्ये त्याचा पाथ द्या, तोही सगळ्यात वर. एकाच नावाच्या दोन फाइली असल्या तर आधी सापडेल ती उचलली जाते.

परवा बुटीबोरीहून एका पोराचा फोन. “भाऊ, सिम्बॉल दुरुस्त केला, सेव्ह केला, तरी ड्रॉइंगमध्ये जुनाच दिसून राहिला.” दिसणारच. एकदा टाकलेल्या ब्लॉकची, म्हणजे सिम्बॉलची, व्याख्या त्या ड्रॉइंगमध्येच साठते. लायब्ररीतली फाइल बदलली तरी ड्रॉइंगला काही कळत नाही. डिलीट करून पुन्हा टाकला तरी जुनाच येऊ शकतो. त्याला म्हटलं, स्वॅप/अपडेट ब्लॉक चालव, अन् पूर्ण प्रोजेक्टवर चालव. एकाच शीटवर चालवून प्रिंट पाठवशील तर उरलेल्या शीटांवर जुनाच जाईल.